अर्ध्या गुणाची साक्ष

वर्तमानपत्रांच्या बुद्धिबळ सदरांत बरोबरीत सुटलेला डाव सहसा छापला जात नाही. छापलाच तर स्पर्धेच्या बातमीत एका ओळीपुरता येतो, आणि पुढच्याच ओळीत कुणीतरी कुणावर तरी मात केलेली असते. वाचकाला वजिराचा बळी देऊन केलेली मात बघायची असते, हरणाऱ्या राजाची पळापळ बघायची असते, आणि त्या हौसेत गैर काही नाही. पण समोरासमोर बसून चार-पाच तासांत संपणाऱ्या डावाचा निकष आपण टपालानं दोन-दोन वर्षं चालणाऱ्या डावालाही लावतो, तेव्हा हातातून एक मोलाची गोष्ट निसटते. टपाली डावात दोन माणसं एकेका चालीवर दिवसचे दिवस विचार करतात, पुस्तकं उघडतात, जुने डाव धुंडाळतात, पटावर मोहरी मांडून पुन्हा पुन्हा हलवून बघतात, आणि एवढं करून शेवटी अर्धा-अर्धा गुण वाटून घेतात. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळे श्रम वाया गेल्यासारखे वाटतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. टपाली डावातला विजय बहुतेक वेळा खेळणाऱ्या माणसांबद्दल काही सांगतो. त्या डावातली बरोबरी सांगते ती डावाच्या सुरुवातीबद्दल. पहिल्या दहा-पंधरा चालींत जो प्रश्न उभा राहिला त्याला उत्तर आहे का, याचा शोध बरोबरीच्या डावात शेवटपर्यंत चाललेला असतो, आणि मिळालेला अर्धा गुण ही त्या सुरुवातीच्या बाजूनं दिलेली साक्ष असते.

आधी टपाली बुद्धिबळाची रीत पाहायला हवी, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे. आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. पत्रांच्या काळात दहा चालींना तीस दिवस ही त्याच्या स्पर्धांतली सर्वसाधारण मुदत असे, आणि पत्र वाटेत असतानाचे दिवस कुणाच्याच खात्यात धरले जात नसत. साहजिकच एक डाव दीड-दोन वर्षं चाले. प्रतिस्पर्धी सातासमुद्रापार असेल तर त्याहूनही जास्त. चाल लिहायची ती आकड्यांत. उभ्या पट्ट्यांना डावीकडून एक ते आठ, आडव्या ओळींनाही खालून एक ते आठ. म्हणजे पांढऱ्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं सरकलं की कार्डावर ५२५४ एवढंच लिहायचं. मराठी, रशियन, स्पॅनिश, कुठलीही भाषा बोलणाऱ्याला ते वाचता येतं. हाताशी ग्रंथ ठेवायची पूर्ण मुभा, पटावर मोहरी हलवून बघायची मुभा. मात्र कार्डावर चुकून भलतंच घर लिहिलं गेलं आणि ती चाल नियमात बसत असली, तर ती माघारी घेता येत नाही. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली पाव आण्याला मिळू लागलं, आणि त्या पाव आण्यात एक चाल देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ शकत होती.

इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या, देवास जिल्ह्यातल्या कन्नौदसारख्या तहसिलीच्या गावातून बघितलं की या रीतीचं महत्त्व नीट कळतं. मराठी बुद्धिबळाचा इतिहास आपण सांगतो तो सांगली, पुणे, मुंबई, नागपूर या शहरांचा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पट, घड्याळ आणि मुख्य म्हणजे आपल्याहून सरस प्रतिस्पर्धी मिळत राहिले. होळकर-पवारांच्या अमलात माळव्यात रुजलेल्या मराठी घरांतही पट होते. पण इंदूर आणि देवास ही गावं सोडून आत गेलं की तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळणं कठीण होत जातं. अशा ठिकाणी पत्र हाच क्लब. हा केवळ सांत्वनाचा विचार नव्हे, त्याला मोठा दाखला आहे. पॉल केरेस एस्टोनियातल्या पार्नू नावाच्या लहान गावात वाढला. गावात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं, म्हणून शाळकरी वयात तो पत्रानं खेळू लागला, आणि एका वेळी दीडशेपर्यंत डाव त्यानं चालवले. समोर बसणारा माणूस नसल्यामुळं त्याला सुरुवातींचा जो अभ्यास करावा लागला, त्याच्या जोरावर पुढं अनेक वर्षं तो जगज्जेतेपदाच्या दारात उभा होता. लहान गावातल्या माणसाला टपाली डाव पहिली गोष्ट शिकवतो ती ही, की चांगला प्रश्न विचारायला मोठं शहर लागत नाही.

आता मुद्द्याकडे. समोरासमोरच्या डावात बरोबरी अनेक कारणांनी होते: दोघं दमले, घड्याळाचा काटा वर आला, स्पर्धेत अर्धा गुण पुरेसा होता, जिंकायची वाट दिसलीच नाही. टपाली डावात यातली बरीच कारणं गळून पडतात. वेळ आहे, ग्रंथ आहेत, थकवा आला तर उद्या विचार करता येतो. दोघांनीही आपल्या बाजूनं जे जे शक्य ते शोधलं आणि तरी तराजू हलला नाही, तेव्हा तो न हलण्याचा गुण कुणाचा? खेळाडूंचा तर आहेच. पण त्याहून जास्त तो त्या स्थितीचा आहे, आणि ती स्थिती जन्माला आली सुरुवातीतून. याउलट विजय झाला तर कुठंतरी कुणीतरी चुकलेलं असतं. ती चूक विसाव्या चालीला झाली की बाविसाव्या, हे शोधलं तर सुरुवातीला दोष देता येतो का, याचं उत्तर मिळतं. आणि बहुतेक वेळा ते उत्तर ‘नाही’ असंच असतं.

यावर पहिला आक्षेप इतिहासाकडून येतो. टपाली बुद्धिबळात फार मोठे विजय झाले आहेत आणि सुरुवातींचं भवितव्य त्यांनीच ठरवलं, असं म्हणणारे हान्स बर्लिनरकडे बोट दाखवतील. अमेरिकेच्या बर्लिनरनं १९६५ ते १९६८ या काळात झालेली पाचवी टपाली जगज्जेतेपद स्पर्धा सोळापैकी चौदा गुण मिळवून, दुसऱ्यापेक्षा तीन गुण पुढं राहून जिंकली. त्यातला याकोव्ह एस्ट्रिनविरुद्धचा डाव जगभर गाजला. सुरुवात होती दोन घोड्यांचा बचाव, तिचा जाणकार म्हणून एस्ट्रिनचं नाव होतं, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या बर्लिनरनं एका जुन्या धाडसी वाटेत नवी चाल घालून त्याला हरवलं. मग त्या डावानं सुरुवातीचा निकाल लावला का? लावला नाही. विश्लेषक पुढं वर्षानुवर्षं पांढऱ्यासाठी सुधारणा शोधत राहिले, काळ्याचे कैवारी त्यांना उत्तरं देत राहिले. एस्ट्रिन स्वतः पुढं सातवा टपाली जगज्जेता झाला. त्या विजयानं बर्लिनरची प्रतिभा सिद्ध झाली, यात शंका नाही. त्या वाटेबद्दलचा प्रश्न मात्र उघडाच राहिला. विजयाच्या तेजात आपण हा फरक पाहत नाही.

याच आक्षेपाचं आणखी जुनं रूप म्हणजे लंडन आणि एडिंबरा या दोन क्लबांचा १८२४ ते १८२८ या काळातला टपाली सामना. पाच डावांचा हा सामना एडिंबरानं दोन विजय, एक पराभव, दोन बरोबरी असा जिंकला, आणि त्यातून स्कॉच डाव या सुरुवातीला तिचं नाव मिळालं. नाव मिळालं ते विजेत्यांचं. दोन बरोबरीचे डाव कुणाच्या लक्षात नाहीत. आक्षेप बिनतोड वाटतो. पण आतली हकिकत बघा. ही सुरुवात त्या सामन्यात आधी खेळली ती लंडननं, जॉन कॉक्रन या तरुण खेळाडूच्या आग्रहावरून, आणि लंडनची स्थिती चांगली झाली होती. डाव चालू असतानाच कॉक्रन भारतात निघून आला. मागे राहिलेल्या मंडळींना त्याच्या कल्पना पुढं नेता आल्या नाहीत आणि डाव हातचा गेला. मग एडिंबरानं तीच सुरुवात उचलली, पुढच्या डावांत स्वतः खेळली, आणि तिला आपलं नाव मिळवून दिलं. म्हणजे लंडनच्या त्या पराभवानं सुरुवातीविरुद्ध काहीही सिद्ध झालं नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की जो माणूस प्रश्न विचारतो तो उत्तराच्या वेळी हजर असावा लागतो. स्कॉच डावाला पुढं कितीतरी दशकं अव्वल खेळाडूंनी बाजूला ठेवलं. १९९० साली कास्पारोव्हनं कार्पोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात तो पुन्हा आणला. त्या सामन्यातला स्कॉचचा चौदावा डाव बरोबरीत सुटला आणि सोळावा १०२ चालींचा डाव कास्पारोव्हनं जिंकला. लोकांच्या आठवणीत सोळावा राहिला. मला चौदावा जास्त बोलका वाटतो: सर्वांत कडव्या प्रतिस्पर्ध्यासमोर जुनी सुरुवात तग धरते, हे आधी तिथं दिसलं.

कॉक्रनचं पुढं काय झालं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण भारतीय वाचकाचा या कथेत वाटा आहे तो इथून. कलकत्त्यात त्यानं वकिलीत नाव मिळवलं. १८४८ साली कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातल्या एका सभासदाला मुफस्सलमधल्या, म्हणजे शहराबाहेरच्या भागातल्या, एका ब्राह्मणाची गाठ पडली, जो कधी हरलेला नाही असं म्हटलं जाई. महेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचं नाव. कॉक्रन आणि महेशचंद्र यांच्यातले शेकडो डाव नोंदले गेले, आणि त्यांत महेशचंद्र अशा चालींनी सुरुवात करत ज्या युरोपला विचित्र वाटत: मधली घरं प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकायची, घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवायचं, त्यामागे उंट बसवून दुरून मारा ठेवायचा. आज ज्याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात त्याचा सर्वांत जुना ज्ञात डाव या दोघांमधला, १८५५ सालचा आहे. ग्रुनफेल्डनं ती सुरुवात १९२२ साली आणली. ही शैली आभाळातून पडलेली नाही. आपल्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, त्यामुळं मधल्या घरांत लगेच धुमश्चक्री होत नाही आणि मोहरी आपापल्या घरामागे सावकाश रचली जातात. देशी पटावर मुरलेल्या हाताला ती रचना सहज सुचली. नवे नियम शिकल्यावरही हाताची सवय तीच राहिली, आणि जगाला भारतीय बचाव मिळाले. सुरुवातीतून एक संस्कृती प्रश्न कसा विचारते ते दिसतं, असं मी म्हणतो ते यासाठी.

देशी खेळाचा दुसरा धडा निकालांबद्दलचा आहे आणि तो माझ्या मुद्द्याला थेट लागतो. एका पक्षाची सगळी मोहरी-प्यादी मारली जाऊन नुसता राजा उरला की देशी डावात बुर्जी होते. काही ठिकाणी ती बरोबरी मानत, काही ठिकाणी अर्धा विजय. म्हणजे नुसतं लुटून जिंकता येत नाही. शत्रूचं एखादं मोहरं जिवंत ठेवून मात करावी लागते. त्यातही प्याद्यानं केलेली मात सर्वांत मानाची. आमच्या जुन्या खेळाडूंकडे निकालांची अशी प्रतवारी होती, आणि त्या प्रतवारीमुळं डावाचा शेवट कसा झाला याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतातून भाषांतरित झालेला बुद्धिबळाच्या स्थितींचा ग्रंथ १८१४ साली मुंबईत छापला गेला, युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेला. जिंकणं आणि हरणं एवढ्या दोनच रकान्यांत खेळ बसत नाही, हे ज्यांना उपजत माहीत होतं त्यांचे आपण वारस आहोत. बरोबरीकडे रिकामा रकाना म्हणून बघण्याची सवय आपल्या खेळाच्या परंपरेतून आलेली नाही.

बरोबरीनं एखादी सुरुवात कशी जगवली याचं सर्वांत देखणं उदाहरण मार्शल हल्ल्याचं. १९१८ साली न्यूयॉर्कला फ्रँक मार्शलनं कापाब्लांकाविरुद्ध रुई लोपेझ या सुरुवातीत आठव्या चालीला वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं ढकललं, राजाच्या पट्टीतलं प्यादं देऊन टाकलं, आणि पांढऱ्या राजावर तुटून पडला. कापाब्लांकानं पटावर बसूनच बचाव शोधला आणि डाव जिंकला. विजयाचा न्याय लावायचा तर ही सुरुवात त्याच दिवशी मेली. प्रत्यक्षात तिला आयुष्य मिळालं ते पुढच्या शंभर वर्षांत. मार्शलनंच नंतर अकराव्या चालीला घोडा मागे न घेता वजिराच्या बाजूच्या उंटासमोरचं प्यादं एक घर पुढं सरकवून घोड्याला आधार द्यायची कल्पना आणली, आणि मग हळूहळू लक्षात येत गेलं की काळा एक प्यादं कमी असूनही बुडत नाही. दोन्ही उंट मोकळे, पांढऱ्याची वजिराच्या बाजूची मोहरी अजून घरात, हत्तींना मोकळी पट्टी. एवढ्या भांडवलावर प्याद्याची उणीव भरून निघते. १९६५ साली तिबिलिसीला उमेदवारांच्या अंतिम सामन्यात स्पास्कीनं मिखाईल तालसमोर हीच सुरुवात ठेवली, आणि हल्ल्याचा बादशहा मानला जाणारा ताल त्यातून विजय काढू शकला नाही. टपाली खेळाडूंनी तर तिची एकेक फांदी वीस-तीस चालींपर्यंत तपासली. आज पांढऱ्यानं खेळणारे अनेक जण आठव्या चालीलाच बाजूची वाट धरतात, हल्ला होऊच देत नाहीत. एका हरलेल्या डावानं जन्मलेल्या सुरुवातीला हा दरारा मिळाला तो बरोबरीच्या डावांनी.

२००० साली लंडनला क्रॅमनिकनं कास्पारोव्हकडून जगज्जेतेपद घेतलं तेव्हाही हेच घडलं. त्याच्या बर्लिन बचावाच्या चारही डावांत बरोबरी झाली, पंधरा डावांत कास्पारोव्हला एकही विजय मिळाला नाही, आणि त्यानंतर सगळं जग बर्लिन शिकायला बसलं.

आता सर्वांत जड आक्षेप. आज टपाली बुद्धिबळ कार्डावर नाही, संगणकाच्या सर्व्हरवर खेळलं जातं, आणि महासंघाच्या नियमांनुसार चाल शोधायला संगणकाची मदत घेता येते. परिणाम असा की वरच्या श्रेणीच्या स्पर्धांत जवळजवळ सगळेच डाव बरोबरीत सुटतात. बर्लिनरच्या सोळा डावांत चारच बरोबरी होत्या. आज अंतिम फेरीत एखादा विजय मिळाला तरी खेळाडू धन्य मानतो. सगळ्याच सुरुवाती बरोबरीत सुटत असतील तर बरोबरीची साक्ष कशाच्या बाजूची? सगळ्यांना पहिला नंबर दिला की पहिल्या नंबराला अर्थ उरत नाही. हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. त्यातला अर्धा भाग मान्यच करायला हवा: माणसाच्या एकट्या बुद्धीची कसोटी म्हणून टपाली डाव आता पूर्वीसारखा उरलेला नाही, आणि कार्डाची वाट बघण्यातली उत्कंठाही गेली.

पण उरलेला अर्धा भाग वेगळंच सांगतो. चेकर्स या पटावरच्या खेळाचं उदाहरण घ्या. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी १९८९ साली त्यावर काम सुरू केलं आणि २००७ साली सिद्ध करून दाखवलं की दोन्ही बाजूंनी अचूक खेळलं तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो. अठरा वर्षांच्या गणनेचं फळ ‘बरोबरी’ हे एकच उत्तर होतं, आणि ते गणित-विज्ञानाच्या जगात मोठं यश मानलं गेलं. बुद्धिबळासाठी असा पुरावा अजून नाही. मोजून सांगता येईल अशी खात्री पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्यावरच मिळते. तोवरचा सगळा प्रदेश डावांनीच चाचपायचा आहे. मग सगळ्या सुरुवाती बरोबरीत सुटतात हे म्हणणंही पुरतं खरं नाही. काही सुरुवातींत काळ्याला एकामागून एक अशा दहा चाली कराव्या लागतात ज्यांतली प्रत्येक एकमेव असते, जरा ढळलं की कडेलोट. काहींत त्याला चार-पाच वाटा मोकळ्या असतात. दोन्हींचा निकाल अर्धाच, पण साक्षीचं वजन सारखं नाही. ते वजन निकालाच्या तक्त्यात दिसत नाही, डाव वाचल्यावरच दिसतं. शिवाय यंत्राला कोणता प्रश्न घालायचा, समतोल सुरुवात घ्यायची की तिरपी, हे अजून माणूसच ठरवतो. यंत्र उत्तराच्या बाजूनं काम करतं.

कुणी म्हणेल, या बरोबरी म्हणजे पाठांतराची करामत आहे. वीस चाली ग्रंथातल्या, पुढच्या दहा यंत्राच्या, मग हात मिळवले. सुरुवातीचं ज्ञान काढून घेतलं तर बरोबरीही जाईल. योगायोगानं याची चाचणी २०२५ साली फार मोठ्या प्रमाणावर झाली. एप्रिल-मे महिन्यांत मॅग्नस कार्लसन चेस डॉट कॉमवर सगळ्या जगाविरुद्ध एक डाव खेळला. एकेका चालीला चोवीस तास, म्हणजे टपाली चालच. पलीकडे १ लाख ४३ हजारांहून जास्त लोक मतदानानं चाल ठरवत होते. खेळ होता फ्रीस्टाइल, ज्यात मागच्या ओळीतली मोहरी उलटसुलट मांडलेली असतात, त्यामुळं सुरुवातीचं कुठलंही पाठांतर कामाचं नसतं. पहिल्या चालीपासून अनोळखी रान. ३२ चालींनंतर जगाच्या बाजूनं तीच स्थिती तिसऱ्यांदा आणली आणि डाव बरोबरीत सुटला. ग्रंथ नसतानाही, वेळ भरपूर दिला आणि विचार नीट झाला की समतोल टिकला. याच्याशी १९९९ सालचा डाव ताडून बघा. तेव्हा कास्पारोव्ह असाच जगाविरुद्ध खेळला, सिसिलियन बचाव, चोवीस तासांची चाल, ६२ चालींत कास्पारोव्हचा विजय. शेवटच्या टप्प्यात जगाच्या बाजूला चाली सुचवणाऱ्या आयरिना क्रश हिचं विश्लेषण मतदारांपर्यंत वेळेत पोचलं नाही म्हणून मोठा वाद झाला, आणि जगाचा डाव कुठं निसटला यावर लोक पुढंही भांडत राहिले. विजयामागे पुन्हा माणसांची कथा, निरोप पोचला की नाही याची कथा. त्या डावातली जगाची दहाव्या चालीची वजिराची नवी चाल मात्र अभ्यासकांच्या आदराला पात्र ठरली.

आळशी बरोबरीचा मुद्दा उरतो. बारा-पंधरा चालींत, काहीच न घडता, दोघांनी सोयीनं मिटवलेले डाव असतात, आणि टपाली स्पर्धांतही असतात. त्यांची बाजू मी घेणार नाही. अशा डावात प्रश्नच विचारला गेलेला नसतो, त्यामुळं साक्ष देण्यासारखं त्यात काही नसतं. पण नाणी खोटी असतात म्हणून टांकसाळ बंद करत नाहीत. खरी बरोबरी ओळखायला दोन गोष्टी पुरतात: कुणीतरी काहीतरी दिलेलं असावं, प्यादं, घर किंवा किल्लेकोट करायचा हक्क, आणि ते परत मिळवण्याची किंवा त्याची किंमत वसूल करण्याची धडपड दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत झालेली असावी. देवास जिल्ह्यातल्या माणसाला अशी समतुल्यता परकी वाटू नये. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच देवास शहरात दोनशेहून जास्त वर्षं, १९४८ पर्यंत, शेजारी शेजारी नांदली. त्यांतल्या कुणी दुसऱ्याला गिळलं नाही म्हणून तो इतिहास निष्फळ ठरत नाही.

म्हणून मराठी नियतकालिकांच्या बुद्धिबळ सदरांकडे माझी एक मागणी आहे. महिन्यातून एकदा टपाली बरोबरीचा एक डाव पूर्ण छापावा, आणि त्याच्यासोबत मात कशी झाली असती याच्या कल्पना न देता चार गोष्टी सांगाव्यात: सुरुवात कोणती आणि ती कुठून आली, ग्रंथातली वाट कितव्या चालीला सुटली, त्यानंतर काळ्याला किंवा पांढऱ्याला एकच एक चाल उरली होती अशा जागा कोणत्या, आणि शेवटी तराजू कोणत्या गोष्टीनं सरळ राहिला. मार्शल हल्ल्याचाच डाव घेतला तर अकराव्या चालीतलं ते एक घर सरकलेलं प्यादं, बाराव्या-तेराव्या चालींत वजीर आणि उंट पांढऱ्या राजाच्या दिशेनं कसे येतात, पांढरा जास्तीचं प्यादं केव्हा परत करतो, आणि विरुद्ध रंगांच्या घरांवर फिरणारे उंट उरले की ते एक प्यादं जास्त असूनही पुढं का सरकत नाही, एवढं दाखवलं की कन्नौदच्या शाळेतल्या मुलीलाही पट मांडून तो डाव स्वतः पडताळता येईल, आणि एखाद्या ठिकाणी छापलेल्या चालीहून चांगली चाल सापडली तर ती संपादकांना लिहून कळवता येईल.